वाचकाचा तिसरा हिस्सा

बडोद्यातील एका लहान, स्वतंत्र पुस्तकदुकानाने अलीकडे दारावर एक सूचना लावली. नवे पुस्तक घेऊन येणाऱ्या लेखकाशी संध्याकाळी ज्या गप्पा होतात त्यांना यापुढे माणशी २०० रुपये प्रवेशमूल्य पडेल, आणि त्याच संध्याकाळी दुकानातून कोणतेही पुस्तक घेतल्यास ही रक्कम त्याच्या किमतीतून वळती करून दिली जाईल, एवढाच तिचा मजकूर होता. या दोन ओळींवरून शहरातील मराठी मंडळींत जो वाद पेटला आहे, तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यांवर लढवला जात आहे. ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी गावोगावी मोफत पुस्तके पोहोचवली त्या नगरीत लेखकाला ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे एका बाजूचे म्हणणे. दुकानदार बिचारा मराठीसाठी पदरमोड करतो आहे, त्याला सांभाळून घेणे हे आपले भाषिक कर्तव्य आहे, असे दुसऱ्या बाजूचे. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. हे प्रवेशमूल्य रास्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते दयेपोटी द्यायचे नाही, आणि सयाजीरावांचे नाव तर या वादात उलट्या बाजूने घेतले जात आहे.

आधी सयाजीरावांविषयी, कारण बडोद्यात कोणताही वाद शेवटी त्यांच्या पुतळ्यापाशी येऊन थांबतो आणि तिथे पोहोचल्यावर माणसे विचार करणे सोडून देतात. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला, आणि शिकलेला माणूस वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरतो हे ओळखून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. राजवाड्यातील खासगी संग्रहाची सुमारे २० हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये खेड्यापाड्यांत गेली आणि त्या पेट्यांच्या वाहतुकीचा खर्च राज्याने सोसला. मांडवीजवळची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आजही पाहावी. लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांवर काचेच्या लाद्यांची जमीन आहे, वरच्या मजल्यावरचा उजेड तिच्यातून खालच्या पुस्तकांपर्यंत उतरतो, आणि पुस्तकाच्या सोयीसाठी एखादे राज्य किती बारीक विचार करू शकते याचा तो पुरावा आहे. इथपर्यंत प्रवेशमूल्याच्या विरोधकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. महाराजांनी पुस्तके दिली, आणि हात आखडता न घेता दिली.

पण गावातील कायमच्या ग्रंथालयाची योजना कशी होती, हे सांगायला विरोधक विसरतात. एखाद्या गावाला ग्रंथालय हवे असेल तर आधी गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची. ती जमली की तेवढीच रक्कम स्थानिक पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारी ग्रंथालय खात्याने. इमारत उभारायची असली तरी तोच नियम होता. म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा वाचकांचा, आणि तो पहिल्यांदा टाकायचा. महाराजांकडे पैशाची वानवा नव्हती. मराठी आणि गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढून ठेवला होता. मग गरीब गावकऱ्यांकडून वर्गणी मागण्याचे कारण काय? कारण उघड आहे. ज्या ग्रंथालयात गावाने स्वतःचे काही घातलेले नाही, ते गावाच्या लेखी सरकारी कचेरीसारखेच एक दालन राहते. तिथे कोणती पुस्तके आली, आली ती वाचण्याजोगी आहेत का, ते वेळेवर उघडते का, याची विचारपूस कोणी करत नाही. बॉर्डन ज्या देशातून आले तिथेही त्या काळात हेच चालले होते. अँड्र्यू कार्नेगी यांनी शेकडो ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले, मात्र गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्क्यांइतकी रक्कम दर वर्षी स्वतः खर्च करावी ही अट घातल्याशिवाय दिले नाहीत. दाता कितीही मोठा असला तरी वाचकाचा वाटा काढून टाकायचा नाही, हे त्या पिढीने जाणीवपूर्वक ठरवलेले धोरण होते. त्या धोरणाची आठवण ठेवणाऱ्याने २०० रुपयांच्या सूचनेला सयाजीरावांच्या नावाने विरोध करावा, हे मला अनाकलनीय वाटते.

यावर एक प्रामाणिक हरकत येते, आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ग्रंथालय ही सार्वजनिक संस्था, दुकान हा खासगी व्यवसाय. ग्रंथालयाला दिलेली वर्गणी गावाच्या मालकीची राहते आणि दुकानाला दिलेले पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात. मग ही तुलना टिकते कशी? फरक खरा आहे. परंतु हा फरक नेमका कोणत्या बाजूला जातो ते पाहा. ग्रंथालयाच्या तीन हिश्शांपैकी दोन हिस्से कोणी तरी दुसरे भरत होते. पुस्तकदुकानाच्या वाट्याला पंचायत नाही, ग्रंथालय खाते नाही, संस्थान तर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. उरला तो फक्त वाचकाचा हिस्सा, आणि तोही माफ करा असे आपण म्हणतो आहोत. राहिला नफ्याचा प्रश्न. समजा, पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये आहे आणि प्रकाशक विक्रेत्याला तीस टक्के सूट देतो. हाती आले १२० रुपये. ओळखीचा वाचक दहा टक्के तरी कमी करा म्हणतो, त्यात ४० गेले. राहिलेल्या ८० रुपयांतून पुण्या-मुंबईहून आलेल्या पार्सलचे भाडे, जागेचे भाडे, वीज आणि एका मदतनिसाचा पगार निघायचा आहे. लेखकाला बोलावलेल्या संध्याकाळी चाळीस माणसे आली आणि सहा प्रती खपल्या, तर दुकानात ४८० रुपये उरतात; भाड्याने आणलेल्या खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक यांचे पैसेसुद्धा त्यातून भागत नाहीत. पुस्तके परतीच्या बोलीवर मिळाली असतील तर न खपलेल्या प्रती परत पाठवण्याचे भाडे पुन्हा वेगळे, आणि रोखीने घेतलेली असतील तर त्या प्रती पुढची दोन वर्षे मांडणीवर पिवळ्या पडत राहणार. या हिशेबात कुणाच्या गल्ल्यात काय जाते?

तरीही मी म्हणतो की दुकानदाराची दया येऊन पैसे देऊ नयेत. दया ही फार काळ टिकणारी गोष्ट नाही. दोन-तीन कार्यक्रमांनंतर ती आटते, आणि मग देणाऱ्याला आपण उपकार केले असे वाटते व घेणाऱ्याला बोलण्याची सोय उरत नाही. 'मराठी टिकवायची असेल तर पुस्तक घ्या' ही घोषणा मला याच कारणासाठी खटकते. ज्याला पुस्तक वाचायचे आहे त्याने ते घ्यावे. भाषेचे ऋण फेडण्यासाठी घेतलेले पुस्तक कपाटात जाते आणि तिथेच राहते. पैसे द्यायचे ते त्या संध्याकाळी दुकानात जे काम होते त्या कामाचे. हे काम काय असते, हे ज्यांनी कधी जवळून पाहिले नाही ते त्याला जाहिरात म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात याच दुकानात एका कादंबरीकार बाईंचा कार्यक्रम झाला होता. कादंबरीतील एक प्रसंग बडोद्यात घडतो. त्यातली नायिका मांडवीहून चालत निघते, सुरसागरच्या काठावर थोडी बसते आणि मग लहेरीपुरा दरवाजा ओलांडून पुढे जाते. लेखिकेने तो उतारा वाचून दाखवल्यावर मागच्या रांगेतून रावपुऱ्यातल्या एक वृद्ध बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'ताई, मांडवीहून निघाल्यावर आधी लहेरीपुरा दरवाजा लागतो, मग न्यायमंदिर, आणि मग सुरसागर. दरवाज्याच्या आत असेपर्यंत तलाव दिसतच नाही. ती तुमची मुलगी रडत निघाली आहे ना? मग ती दरवाजाबाहेर येईपर्यंत तिला बसायला जागाच नाही. भर बाजारातून तिला तशीच यावं लागणार.' लेखिकेने पुस्तक पुन्हा उघडले, पान काढले, समासात पेन्सिलीने काही लिहिले आणि विचारले, 'त्या बाजारात संध्याकाळी उजेड कसा असतो?' पुढची वीस मिनिटे चाळीस माणसे त्या एका रस्त्याविषयी बोलत होती. कुणी कपड्यांच्या दुकानांविषयी, कुणी गर्दीत ओळखीची माणसे भेटण्याच्या भीतीविषयी. चूक नकाशाची होती, पण बाईंनी दाखवून दिले होते ते कादंबरीच्या मर्मातले काही तरी होते: दुःख लपवायला जागा न मिळणे. ही टीका कोणत्याही नियतकालिकातल्या परीक्षणापेक्षा नेमकी होती. ती व्हायला लेखिका, पुस्तकाची प्रत, तो रस्ता ठाऊक असलेली वाचक आणि बोलायला मोकळीक असलेली खोली, अशा चार गोष्टी एका जागी याव्या लागतात. त्या आपोआप येत नाहीत. कुणी तरी ती कादंबरी आधी वाचलेली असते, तीत बडोदे आहे हे हेरलेले असते, लेखिकेशी तारीख ठरवलेली असते, आणि रावपुऱ्यातल्या त्या बाई असे वाचन करतात हे त्याला माहीत असल्यामुळे त्यांना फोन केलेला असतो. पुस्तकविक्रेत्याचे खरे कसब हेच आहे. वकिलाला सल्ल्याचे आणि वैद्याला तपासणीचे पैसे देताना आपण कुरकुर करत नाही. मग या कसबाची किंमत शून्य का धरायची?

'हा खर्च प्रकाशकाने करावा, पुस्तक त्याचे आहे,' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मराठी प्रकाशकाची स्थिती पाहा. ललित पुस्तकाची आवृत्ती हजाराची, बहुधा पाचशेचीच निघते. त्या पाचशेंपैकी दहा प्रती बडोद्यात खपाव्यात म्हणून लेखकाचा प्रवासखर्च आणि मुक्काम सोसणे कुणाला परवडेल? ज्याला परवडेल तो मोठा प्रकाशक, आणि तो पाठवील ते त्याचे ठरलेले, आधीच गाजलेले लेखक. दुकान मग त्याच्यासाठी भाड्याचे सभागृह होऊन बसेल. याहून वाईट अवस्था आपण आजही पाहतो आहोत, ती म्हणजे लेखकाने स्वतःच्या खर्चाने भरवलेला प्रकाशन समारंभ. सभागृहाचे भाडे लेखकाचे, हारतुरे लेखकाचे, अल्पोपाहार लेखकाचा. व्यासपीठावर पाच पाहुणे, त्यांतील बहुतेकांनी पुस्तक उघडलेलेही नाही, आणि तरी प्रत्येकाच्या भाषणात ते पुस्तक मराठी साहित्यातील मैलाचा दगड ठरते. अशा समारंभात रावपुऱ्यातल्या त्या बाईंनी उठून रस्ता चुकला आहे असे म्हटले असते, तर यजमानाचे मीठ खाऊन त्याचाच पाणउतारा केला असे मानले गेले असते. खर्च ज्याचा, सभा त्याची. प्रकाशकाने पैसे भरले तर ती विक्रीची सभा होते, लेखकाने भरले तर सत्काराची, राजकीय पुढाऱ्याने भरले तर त्याच्या भाषणाची. वाचकांनी थोडे थोडे भरले तरच ती वाचकांची राहते आणि तिथे नापसंती बोलून दाखवण्याचा अधिकार उरतो. माझ्या दृष्टीने प्रवेशमूल्याच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे, आणि वादात तो कुणीही मांडलेला मी ऐकला नाही.

साहित्याला तिकीट लावणे ही आपल्या परंपरेला न शोभणारी गोष्ट आहे, असेही सांगितले जाते. कोणत्या परंपरेला? पु. ल. देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग तिकीट लावूनच होत, आणि त्या तिकिटांसाठी रांगा लागत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे अवाढव्य काम हाती घेतले ते आगाऊ वर्गणीदार मिळवून. एकही खंड हातात पडण्याआधी सामान्य मराठी माणसांनी त्यासाठी पैसे दिले होते. तिकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स १८५८ पासून स्वतःच्या लेखनाचे जाहीर वाचन पैसे घेऊन करू लागला, आणि आज इंग्लंड-अमेरिकेतील अनेक स्वतंत्र पुस्तकदुकाने लेखकाच्या कार्यक्रमाचे तिकीट लावतात व पुस्तकाची किंमत त्यातच धरतात. खुद्द बडोद्यात मुंबईचे नाटक आले की आपण पुढच्या रांगांची तिकिटे मिळावीत म्हणून ओळखी काढतो. कीर्तन मोफत असते हे खरे. पण आरतीचे ताट फिरते तेव्हा त्यात काही न टाकता उठणाऱ्याकडे आपले वाडवडील कोणत्या नजरेने पाहत, हेही आपल्याला आठवते. पुस्तकाभोवतीच्या संध्याकाळी फुकट असाव्यात ही अपेक्षा जुनी नाही. ती गेल्या काही वर्षांत आली, आणि तिच्यासोबतच मोबाइलवरून पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ प्रती पाठवण्याची आणि 'कुणाकडे अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का?' असे निःसंकोचपणे विचारण्याची सवयही आली. लेखकाच्या सभेत समोर बसून त्याच्याच पुस्तकाची चोरटी प्रत मागणारे सुशिक्षित, सुखवस्तू लोक मी पाहिले आहेत. या सवयीला सयाजीरावांच्या ग्रंथालय चळवळीचे नाव देणे हा त्या चळवळीवर अन्याय आहे.

पुस्तक ऑनलाइन स्वस्तात घरपोच मिळत असताना दुकान हवेच कशाला, हा मुद्दा मात्र मी आदराने घेतो. पूर्वी बडोद्यातल्या वाचकाला पुण्यात प्रसिद्ध झालेले पुस्तक हवे असेल तर कुणी तिकडे जाणारा शोधावा लागे, नाही तर प्रकाशकाला पत्र लिहून महिनाभर वाट पाहावी लागे. आज चार दिवसांत ते दारात येते, तेही सवलतीत. ज्याचे उत्पन्न बेताचे आहे त्याने पन्नास रुपये वाचवले तर त्याला दोष देणारा मी कोण? परंतु ऑनलाइन दुकानात माणूस जे शोधतो तेच त्याला मिळते. जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही, ते शोधणार कसे? नव्या लेखकाचे पुस्तक हातात धरून मधलेच पान वाचून पाहण्याची जागा बडोद्यात मराठीसाठी किती उरली आहे? काही जण याच दुकानात पुस्तक चाळतात, मुखपृष्ठाचे छायाचित्र घेतात आणि तिथेच उभे राहून ते मोबाइलवर मागवतात. त्यांना आपण कुणाचे नुकसान केले असे वाटतही नाही, कारण चाळू देण्याची किंमत कुठे लिहिलेलीच नसते. फ्रान्सने ही अडचण ओळखून १९८१ मध्ये, जॅक लाँग सांस्कृतिक मंत्री असताना, कायदाच केला: नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट कोणीही द्यायची नाही, मग तो लहान विक्रेता असो की मोठी साखळी. दुकानांची स्पर्धा किमतीवर न होता निवडीवर आणि सेवेवर व्हावी, हा त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये प्रकाशकांनी १९०० पासून पाळलेला असाच करार १९९० च्या दशकात मोडला. आपल्याकडे असा कायदा नाही आणि नजीकच्या काळात होईल अशी चिन्हेही नाहीत. तेव्हा किमतीच्या लढाईत लहान दुकान हरणार हे धरूनच चालले पाहिजे, आणि त्याने जे दुसऱ्या कुणाला जमत नाही त्याचे मोल मागितले तर तो त्याच्यापुढचा एकमेव सरळ मार्ग आहे.

आता विरोधकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. बडोद्यातील मराठी घरांतली मुले गुजराती नाही तर इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात. देवनागरी लिपी त्यांना हिंदीमुळे येते, पण मराठी पुस्तक वाचण्याचा सराव नसतो. त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी कुतूहलाने अशा कार्यक्रमाला येते. तिच्याकडून २०० रुपये मागितले तर ती परत येईल का? नाही येणार, आणि तिला परत पाठवणारी व्यवस्था मला अजिबात मान्य नाही. इथे विरोधक बरोबर आहेत आणि दुकानाची सूचना अपुरी आहे. विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत असला पाहिजे, हे त्या सूचनेतच पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. विनंती केल्यास सवलत, असे नव्हे, कारण सवलत मागायला संकोचणारी मुले तोंड उघडण्यापेक्षा घरी बसतात. मात्र हा मुद्दा मांडणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. आजवर सगळे कार्यक्रम मोफतच होते ना? मग खुर्च्यांवर कोण दिसत होते? बहुतांश निवृत्त मंडळी, ज्यांना २०० रुपये देणे जड नाही. तरुण मुले नव्हती, कारण कार्यक्रमाची वेळ त्यांच्या शिकवण्यांची असते, विषय त्यांच्या आजोबांच्या आठवणींचा असतो, आणि निवेदक त्यांच्या गुजरातीमिश्रित मराठीला हसतो. तरुण वाचक हवा असेल तर त्याच्या वयाच्या लेखकाला बोलवा, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मराठी, गुजराती आणि इंग्रजी विभागांतील विद्यार्थ्यांना एकत्र बसवा, बडोद्याच्या मराठीला तिच्या गुजराती हेलासकट बोलू द्या. माधव जूलियन यांचा जन्म याच शहरातला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे आपले प्रचंड लेखन बडोद्याच्या नोकरीत असताना सुरू केले. पुण्याच्या मराठीची परीक्षा उतरल्याशिवाय इथे कोणी तोंड उघडू नये, असा नियम त्या काळात असता तर या शहरातून काय निघाले असते?

नव्या लेखकांविषयीची शंकाही रास्त आहे. प्रवेशमूल्य लागू झाले की दुकानदार गर्दी खेचणाऱ्या नावांकडे वळेल, आणि पहिलाच कथासंग्रह घेऊन आलेल्या मुलीला विचारणारा कुणी राहणार नाही. हा धोका मी नाकारत नाही; पैसे घेणारा प्रत्येक जण या मोहात सापडू शकतो. म्हणून पैसे देणाऱ्या वाचकाने बदल्यात काही मागितले पाहिजे, आणि मी ते इथे मागतो. तीन महिन्यांचे कार्यक्रम आधी जाहीर व्हावेत आणि त्यांत पहिले पुस्तक असलेला लेखक असलाच पाहिजे. प्रसिद्ध लेखकाच्या संध्याकाळी जमलेल्या पैशांतून या नव्या लेखकाच्या संध्याकाळचा खर्च निघावा आणि ती संध्याकाळ सर्वांसाठी मोफत असावी. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तकाच्या प्रती दुकानात असाव्यात. लेखक आला पण पार्सल आले नाही, हा प्रकार पैसे घेतल्यावर खपवून घेतला जाणार नाही. लेखकाशी बोलणाऱ्याने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे. दीप प्रज्वलन, परिचय आणि आभार यांत पाऊण तास जाऊ नये, आणि अर्धा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखावा. फुकट कार्यक्रमात यातले काहीही मागण्याचा हक्क आपल्याला नव्हता. आपण आभार मानून चहा पिऊन घरी येत होतो.

शेवटी, उरलेल्या दोन हिश्शांचे काय, हा प्रश्न शहरातील संस्थांना विचारला पाहिजे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा झाले. २०१८ च्या संमेलनात ग्रंथदालनांत झालेली गर्दी अनेकांनी पाहिली आहे. संमेलनासाठी देणगीदार मिळतात, मंडप उभे राहतात, निवासाची सोय होते. मग दोन संमेलनांमधल्या लांबलचक काळात शहरात नवे मराठी पुस्तक मिळावे यासाठी तेच देणगीदार पुढे का येऊ नयेत? मराठी वाङ्मय परिषदेसारखी संस्था आणि शहरातील लहानमोठी मराठी मंडळे यांनी ठरवले, तर दर कार्यक्रमातल्या पुस्तकाच्या काही प्रती त्यांच्या वाचनालयांसाठी याच दुकानातून, छापील किमतीला विकत घेता येतील. विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांचा खर्च एखादे गणेशोत्सव मंडळ वर्षभर सहज उचलू शकेल. सजावटीच्या खर्चापुढे ती रक्कम फार किरकोळ आहे. या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांपैकी कित्येक जण प्रवेशमूल्याच्या विरोधात तावातावाने बोलत आहेत. त्यांचा विरोध विद्यार्थ्यांच्या कळवळ्यातून आलेला आहे असे मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच त्यांनी पुढच्या कार्यक्रमाआधी दुकानात जाऊन दहा खुर्च्यांचे पैसे आपल्या मंडळाच्या नावे भरावेत. मी माझ्या एका खुर्चीचे भरले आहेत.